कापडामागचं घर

शिंप्यांच्या गल्लीत कपडा कुणीही बेतो, कुणीही शिवो, त्याचं शेवटचं काम काजवाली मावशीच्याच हातून व्हायचं. शिवून झालेले शर्ट, कोट, पोरांचे झगे गाठोड्यात बांधून दुसऱ्या मजल्यावर यायचे. मावशी खिडकीपाशी बसून त्यांना काजं करायची, बटणं लावायची, आणि संध्याकाळी गाठोडं खाली जायचं. मशीनवरचं काज तिला बघवायचं नाही. "ते काज नव्हे, भोक आहे," असं ती तोंडावर सांगायची. तिचं काज म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान, मेण लावलेला दोरा, कात्रीच्या टोकानं दिलेली सरळ चीर आणि कडेनं एकाला एक खेटून बसलेले टाके. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. म्हणून घरातली सगळ्यात उजेडाची जागा तिची. नवऱ्यानंच दिली होती ती, लग्न होऊन आली त्या वर्षी. तो समोरच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. रोज संध्याकाळी नखांतली शाई घासत बसायचा आणि ती शाई कधी पुरती गेली नाही. तो जाऊनही आता बराच काळ झाला होता. लेक लग्न करून दुसऱ्या गावी गेली. मावशी आणि खिडकी तेवढी राहिली.

तोंडाची ती फटकळ. भांडायला लागली की तिचा हात कुणी धरायचं नाही. पण भांडण गाठोडं खाली पाठवायच्या आत संपवायची, उद्यावर ठेवायची नाही. तळमजल्यावरच्या लांबू मास्तरांशी तर तिचं दिवसाआड वाजायचं. मास्तर म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने शिंपी, इतके उंच की दुकानाच्या दारातून वाकून बाहेर यायचे. "वहिनी, गिऱ्हाईक थांबलंय!" असं खालून ओरडायचे. मावशी वरून म्हणायची, "थांबू द्या की. उघड्या छातीनं आलंय का?"

तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, छत्रीकाका राहायचे. आयुष्यभर छत्र्या दुरुस्त केल्या, आता वय झालं तशी हातांना थरथर लागली होती. एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि नको ते ऐकायचं नसलं की दुसऱ्यानंही येत नसे. मावशीला ते पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणायचे. दुपारी मावशी त्यांचं ताट झाकून वर न्यायची, आणि काका जेवता जेवता गल्लीतल्या माणसांची टिंगल करायचे. जेवण झालं की काठी टेकत, कठडा धरून, सावकाश खाली उतरायचे आणि मास्तरांच्या बाकावर बसायचे. त्या उतरण्यात अर्धी दुपार जायची. त्यांना घाई नव्हती.

गल्लीला उतरती कळा लागली होती, हे खोटं नव्हे. छापखाना बंद पडला. तयार कपड्यांनी शिंप्यांचे धंदे एकेक करून बसले. गटार तुंबायचं, दिवे लागत नव्हते, रिकाम्या घरांच्या खिडक्यांतून पिंपळ उगवले होते. त्यामुळे घरमालकानं अख्खी रांग एका कंपनीला विकली आणि कंपनीनं सगळ्यांना बंद छापखान्यात चहाला बोलावलं, तेव्हा लोक रागानं नाही, उत्सुकतेनं गेले.

तिथं एक तरुण बाई उभी होती. साधे कपडे, आवाज मधात बुडवलेला. कंपनीनं तिला गल्लीतल्या माणसांशी बोलायलाच ठेवलं होतं. तिनं सांगितलं की ही जुनी पेठ आता कलापेठ होणार. रिकाम्या घरांत चित्रकार, कपड्यांचे डिझाइनर, फोटो काढणारे, भांडी घडवणारे असे लोक आपापली कामं थाटतील, खाली कॉफीची दुकानं होतील, बाहेरून माणसं बघायला येतील. "तुमचं हातातलं कसब हाच या जागेचा जीव आहे," ती म्हणाली. "कुणालाही इथून जावं लागणार नाही."

परत येताना जिन्यावर काका थांबले. एवढं मोठं भाषण त्यांनी चांगल्या कानानं ऐकलं होतं.

"जावं लागणार नाही म्हणाली," ते म्हणाले. "राहता येईल, असं म्हणाली का, सूनबाई?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खडा दिसतो, काका."

"दात पडले ना गं. खडा लवकर लागतो."

मावशी हसली. पण त्या बाईचं नाव गल्लीत त्याच संध्याकाळपासून गोडबोली पडलं.

पहिलं वर्ष खरंच बरं गेलं. गटार साफ झालं, दिवे लागले, पिंपळ उपटले गेले. छापखान्यात डिझाइनर पोरापोरींनी टेबलं मांडली, आणि त्यांना कुठून कळलं कोण जाणे, हाताच्या काजांसाठी ती मावशीकडे येऊ लागली. मावशीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा काम नको म्हणून परत पाठवलं. गोडबोली तर आठवड्यातून एकदा वर यायचीच. खिडकीपाशी मांडी घालून बसायची, चहा प्यायची, आणि एकदा हट्टानं काज करायला शिकली. तिचं पहिलं काज बघून मावशी म्हणाली, "हे बटणासाठी आहे की उंदरासाठी?" गोडबोली खळखळून हसली. तिची आई लहानपणीच गेली होती, हे तिनं असंच एका दुपारी सांगितलं. मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते प्रेम खोटं नव्हतं. दोन्ही बाजूंनी खोटं नव्हतं, हे मावशी पुढंही म्हणत राहिली, आणि त्यामुळंच पुढचं समजून घेणं तिला जड गेलं.

दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी घराच्या दर्शनी बाजूला परांची चढली. लोखंडी नळ्या, फळ्या, आणि त्यांच्यावरून वरपासून खालपर्यंत ताणलेलं एक जाड कापड. त्या कापडावर घराचंच चित्र छापलं होतं, पण नवं कोरं. खिडक्यांना निळा रंग, प्रत्येक खिडकीत फुलांची कुंडी, आणि मावशीच्या खिडकीच्या जागी एक मांजर बसलेलं. काम होईपर्यंत गल्लीची शोभा जाऊ नये म्हणून, असं कंपनीच्या मुकादमानं सांगितलं. खाली उभं राहून बघणारे लोक वा वा करत होते. मावशीही खाली जाऊन बघून आली. सुंदरच होतं.

मग ती वर आली आणि जागेवर बसली. सुईत दोरा जाईना.

कापडाच्या आतल्या बाजूनं नुसता राखाडी उजेड यायचा, तळ्याच्या तळाशी असतो तसा. भर दुपारी दिवा लावून बसावं लागे. वारा नाही. खालचे आवाज यायचे ते उशी तोंडावर धरून कुणी बोलावं तसे. मावशीनं गोडबोलीला सांगितलं. ती म्हणाली, "थोडे दिवस, मावशी. रंगकाम झालं की काढतील."

पण रंगकाम सुरूच होईना. परांचीवर कामाला कुणी चढलंच नाही. हातोडीचा आवाज नाही, रंगाचा वास नाही. कधीतरी, दिवसातून एखादवेळी, एक माणूस फळीवरून चालत यायचा, मावशीच्या खिडकीच्या अगदी समोर थांबायचा, फीत लावून खिडकीची रुंदी मोजायचा आणि निघून जायचा. मावशी आत बसलेली असायची, हातभर अंतरावर. तो कधी आत बघायचा नाही. एकदा तिनं विचारलं, "काय रे, काय मोजतोस?" त्यानं उत्तर दिलं नाही. रिकाम्या खोलीची खिडकी मोजतो तशी ती खिडकी मोजली आणि गेला. त्या दिवशी मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. तसंच झालं. आधी पाणी दिवसाआड झालं. मग पत्रांच्या पेट्या गेल्या. पहिल्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबं एका पाठोपाठ निघून गेली, जाताना जिन्यात भेटली तेव्हा नजर चुकवून. दारांवर खडूनं खुणा आल्या. मावशीनं आपल्या दारावरची ओल्या फडक्यानं पुसली, दुसऱ्या सकाळी ती पुन्हा होती.

आणि मग लांबू मास्तर गेले.

ते सांगायला स्वतः वर आले, दारात वाकून उभे राहिले. "वहिनी, मी सही केली," म्हणाले. "गावाबाहेर गाळा देतायत. मला उभं राहवत नाही आता. रोज नवं काहीतरी. माझं डोकं चालेना."

मावशीला खूप बोलायचं होतं. तिनं फक्त विचारलं, "गाठोडी कुठं पाठवू?"

"मी येईन न्यायला," मास्तर म्हणाले. आणि दर आठवड्याला येतही होते बिचारे, दोन बस बदलून.

त्यांच्या दुकानात कॉफीचं दुकान झालं. त्यांचं पायाचं मशीन तिथंच राहिलं. त्यावर काच बसवून टेबल केलं. मास्तरांनी ते एकदा दारातून पाहिलं आणि पुन्हा त्या बाजूला बघितलं नाही.

आता सबंध घरात दोनच माणसं राहिली. मावशी दुसऱ्यावर, काका तिसऱ्यावर. तिनं त्यांना खाली आपल्याकडे राहायला या म्हणून परोपरीनं सांगितलं. "माझ्या छत्र्या?" ते म्हणाले. लोकांनी टाकलेल्या आणि परत न्यायला विसरलेल्या छत्र्यांनी त्यांची खोली भरली होती. "त्यांना सोडून आलो तर लोक म्हणतील, म्हातारा पावसाळ्यात पळाला."

त्यानंतर कठडा गेला. जुनं सागवानी काम, पकडून पकडून गुळगुळीत झालेलं. मुकादम दोन माणसं घेऊन आला, "पॉलिशला नेतोय, जपून ठेवायचंय," म्हणाला आणि तिन्ही मजल्यांचा कठडा उचलून नेला. जिन्याच्या कडेला लोखंडी हूक ठोकून एक दोर बांधून दिला. काकांनी तो ओढून पाहिला.

"हा माझ्यासाठी आहे की बकरीसाठी?"

मावशी त्याच दिवशी कंपनीच्या कचेरीत गेली. गोडबोलीनं सगळं लिहून घेतलं. "मी वर कळवते," म्हणाली. पुढच्या आठवड्यात गेली तेव्हाही म्हणाली, "मी वर कळवलंय." मावशी काकांना एकट्यानं उतरू देईना. स्वतः पुढं होऊन, त्यांचा हात खांद्यावर घेऊन त्यांना उतरवायची आणि चढवायची. काका म्हणायचे, "या वयात मला पोरीच्या खांद्यावर हात टाकून फिरायला मिळतंय. कंपनीचं भलं होवो."

कलापेठेच्या उद्घाटनाची तयारी सुरू झाली. गल्लीत दिव्यांच्या माळा चढल्या. गल्लीच्या तोंडाशी नवी पाटी आली, नव्या नावाची. त्याच गडबडीत एक दिवस मावशी पाणी भरायला खाली आली होती. कॉफीच्या दुकानाचं दार उघडं होतं, सुतार आत काहीतरी बसवत होता. मावशी दोन पावलं आत गेली आणि तिथंच खिळून उभी राहिली. गिऱ्हाइकांनी उभं राहायच्या लांब फळीखाली, दिव्यांच्या उजेडात चकाकत, कठडा बसवला होता. तोच. त्याच्या एका दांडीवर तिच्या लेकीनं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं फूल होतं. पॉलिशवाल्यानं ते जपून ठेवलं होतं.

गोडबोली शेजारीच उभी होती, हातात कागद. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हा परत येणार नाहीये, होय ना?" मावशी म्हणाली.

"मावशी, मी बोलले होते. मी खूप बोलले."

"दुसरा बसवणार आहेत?"

गोडबोलीनं हातातल्या कागदाची घडी केली. मग तिनं मावशीचं मनगट धरलं आणि तिला दारापर्यंत आणलं. आवाज अगदी खाली आला होता, आणि त्यातला मध कुठं गेला होता कोण जाणे. "मावशी, तुम्ही मुलीकडे जाऊन या. काकांनाही घेऊन जा. उद्घाटनाच्या आधी जा."

"का गं? उद्घाटनाला काय होणार आहे?"

"काही नाही. काही होणार नाही. तुम्ही फक्त जा."

मावशी वर आली. तिनं लेकीला फोन लावला, लेक म्हणाली, "मी कधीची सांगतेय, आई. सोड आता ते." मावशी काकांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, छत्रीची एक काडी बोटांत फिरवत राहिले. "सूनबाई, तू जा," ते म्हणाले. "मी इथून कुठं जाऊ? मला कुणी मुलगी नाही." मग मावशी गेली नाही.

उद्घाटनाचा दिवस आला. दुपारपासून गल्ली माणसांनी फुलून गेली. ढोल, भाषणं, पुन्हा ढोल. कापडाच्या आत बसून मावशीला ते सगळं जमिनीतून येतंय असं वाटत होतं. भांडी फळीवर थरथरत होती. ती मास्तरांचं गाठोडं उरकत होती. वर काकांची हालचाल ऐकू येत होती. सकाळी ते म्हणाले होते, "आपल्याच दारी मांडव आणि आपल्यालाच बोलावणं नाही. जरा बघून तरी येतो." मावशीनं बजावलं होतं, मला हाक मारल्याशिवाय निघायचं नाही.

त्यांनी हाक मारली असेलही. ढोलात काय ऐकू येणार?

तिला काठी ऐकू आली. लाकडी जिन्यावरून खडखडत, पायरीपायरीनं घरंगळत गेलेली काठी. आणि तिच्या मागोमाग एक जड आवाज.

मावशी हातातलं टाकून धावली. काका दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यामधल्या वळणावर पडले होते. कपाटातला ठेवणीतला कोट घातला होता. पाय भलत्याच बाजूला वळला होता. दोराचं टोक त्यांच्या मुठीत होतं. हूक भिंतीतून उपटून आला होता. डोक्याखालून काहीतरी ओलं पसरत होतं. डोळे उघडे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "छत्री उघडलीच नाही गं."

तिनं पदर त्यांच्या डोक्याखाली घातला, "हलू नका, मी आले," म्हणाली आणि खाली धावली. दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं, तेव्हा बाहेर साखळीचा आवाज झाला. दार बाहेरून बंद केलं होतं. तिनं मुठींनी बडवलं, लाथा घातल्या, घसा फाटेपर्यंत ओरडली. बाहेर ढोल चालू होते. दारावरचा पहारेकरी त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर आला होता. घर रिकामं आहे, आत कुणी शिरता कामा नये, एवढंच त्याला सांगितलं होतं. हे सगळं नंतर कळलं.

मावशीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसानं गल्लीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. "असं नाव दिसत नाही," तो म्हणाला. ती किंचाळली, "कलापेठ! कलापेठ म्हणा!" मग त्याला सापडलं. पण आज तिथले रस्ते बंद आहेत, गाडी चौकात थांबेल, कुणाला तरी बाहेर उभं करा, असं तो म्हणाला. "बाहेर कुणाला उभं करू? आम्ही कोंडलोय!" तोपर्यंत फोन तुटला होता. तिनं गोडबोलीला फोन लावला. घंटा वाजत राहिली.

ती वर धावली, काकांना ओलांडून. जाताना त्यांच्या गालाला हात लावला. गाल गार होता, पण ते पापण्या मिटत उघडत होते. खोलीत शिरून तिनं कात्री उचलली आणि खिडकीतून परांचीच्या फळीवर गुडघे टेकले. कापड जाड होतं, ताणलेलं होतं. कात्रीचं टोक रुतवून तिनं ते चिरलं, हात घातला, फाडायला लागली. खांद्यापर्यंत हात बाहेर गेला. मग तोंड.

खाली समुद्रासारखी माणसं.

"वाचवा!" ती ओरडली. "माणूस पडलाय! दार उघडा! मरेल तो!"

काही तोंडं वर वळली. मग आणखी काही. त्यांना दिसत होतं ते निळ्या खिडक्यांचं, फुलांच्या कुंड्यांचं घर, आणि मांजराच्या पोटातून बाहेर आलेला एक हात. दिवेवाल्यानं आपला मोठा झोत फिरवून त्या हातावर आणला. मावशीचे डोळे दिपले. ढोल थांबले. आता ऐकतील, असं तिला वाटलं. ती पुन्हा ओरडली, हात हलवला, बोटातलं अंगुस्तान झोतात लखलखलं.

आणि खालून टाळ्या सुरू झाल्या.

एकानं सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी. मोबाइल वर गेले, शेकडो. ती जितकी ओरडे तितक्या टाळ्या वाढत. कुणीतरी शिट्टी मारली. एक बाई डोळे पुसत होती. मावशी सांगायची की आयुष्यात तिला कशाचीही भीती वाटली नाही इतकी त्या टाळ्यांची वाटली. माणसं वाईट नव्हती. हसरी, चांगल्या घरची माणसं. तिच्याकडेच बघत होती, आणि त्यांना ती दिसत नव्हती.

लांबू मास्तर गाठोडं न्यायला आले होते. गर्दीच्या मागं अडकले होते, पण त्यांची उंची अशी की सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांना तो हात दिसला. अंगुस्तान दिसलं. आवाज तर त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"अरे, ती खरंच ओरडतेय!" ते गरजले. "टाळ्या कसल्या वाजवता, मुडद्यांनो!"

लोकांना तोही खेळातलाच भाग वाटला. मास्तर माणसं ढकलत निघाले. कुणी वाट देईना, पहारेकरी साखळी सोडेना. शेवटी त्यांनी कॉफीच्या दुकानातली लोखंडी खुर्ची उचलली आणि दारावर घातली. साखळी तुटली तेव्हा कुठं टाळ्या विरल्या.

काकांना तिघांनी उचलून चौकापर्यंत नेलं. गाडी तिथं थांबून होती. दवाखान्यात त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि मावशीकडे बघितलं, पण ओळखलं की नाही, तिला सांगता आलं नाही. त्या आठवड्यातच ते गेले.

गोडबोली दवाखान्यात आली होती. बाकावर मावशीच्या शेजारी बसून हुंदके देत होती. "मी सांगितलं होतं, मावशी. प्रत्येक वेळी वर सांगितलं."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. "वर म्हणजे कुठं गं?" ती म्हणाली. "वर तर आम्हीच राहत होतो."

गोडबोलीनं नंतर नोकरी सोडली म्हणतात. मावशीनं तिला शिव्या दिल्या नाहीत, आणि जवळही घेतलं नाही.

चौकशी झाली. दोन साहेब आले, जिना बघितला, हूक बघितला. मावशीनं सगळं सांगितलं. कठड्याचं, साखळीचं, फोनचं. त्यांनी मान हलवत ऐकलं. निकाल आला तो असा: जिना धोकादायक आहे, तेव्हा घरात राहणाऱ्यांनी स्वतःच्या जिवासाठी ते ताबडतोब रिकामं करावं. काकांच्या पडण्यानं कंपनीला जे हवं होतं ते सहीशिवाय मिळालं. हे मुद्दाम झालं की आपोआप, यावर मास्तर तासन्‌तास बोलत. मावशीला त्यात रस नव्हता. "मुद्दाम ढकललं असतं तर निदान कुणी तरी त्यांच्याकडे बघितलं असतं," एवढंच ती म्हणाली.

जायच्या दिवशी सकाळी मास्तर टेम्पो घेऊन आले. लेकीकडे जायचं होतं. सामान ते काय! दोन ट्रंका, भांडी, शिवणाचं डबडं, आणि काकांच्या छत्र्या, सगळ्या. लेक फोनवर म्हणाली होती, एवढ्या छत्र्या कुठं ठेवणार? मावशी म्हणाली, पलंगाखाली. मास्तर त्या मोळीसारख्या बांधून उतरवत होते. गल्लीत नुकती दुकानं उघडत होती. एक तरुण मुलगी कॉफीचा पेला घेऊन उभी होती. ती मावशीकडे बघत राहिली आणि मग लाजत पुढं आली.

"तुम्हीच ना त्या? त्या दिवशीच्या? माझ्याकडे फोटो आहे तुमच्या हाताचा. भिंतीवर लावलाय."

"हो, मीच," मावशी म्हणाली. "मी मदत मागत होते, बाळ. माणूस मरत होता."

मुलीनं दोन्ही हात छातीशी धरले. डोळे भरून आले होते तिचे. "हो ना," ती म्हणाली. "अगदी पोचलं ते."

मास्तरांनी मावशीला दंडाला धरून टेम्पोत बसवलं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. पहारेकरी दाराशी आला, नवी साखळी हातात घेऊन.

"वर कुणी राहिलंय का?" मावशीनं त्याला विचारलं.

"आता कोण असणार, मावशी? तुम्हीच शेवटच्या."

"हाक मारून बघितलंस?"

तो हसला आणि कडीत साखळी ओवायला लागला. मावशी टेम्पोतून उतरली. मास्तर म्हणाले, "वहिनी, अहो, काही राहिलंय का?" तिनं ऐकलं नाही. पहारेकऱ्याला बाजूला सारून ती आत गेली. कठडा नसलेल्या जिन्यानं, भिंतीला हात लावत, पहिल्या मजल्यावर गेली आणि दोन्ही बंद दारांसमोर उभी राहून मोठ्यानं विचारलं, "कुणी आहे का आत?" उत्तर येईपर्यंत थांबली. मग दुसऱ्या मजल्यावर, आपल्याच दाराशी. मग तिसऱ्यावर. तिचा आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून परत येत होता आणि खाली उभ्या असलेल्या मास्तरांना प्रत्येक मजल्यावरून स्पष्ट ऐकू येत होता.

ती खाली आली तेव्हा धापा टाकत होती.

"आता लाव," ती पहारेकऱ्याला म्हणाली.